तू… बस

सरांच्या फाइलमध्ये त्या शुक्रवारच्या नोंदीपुढे एक रकाना अजून कोरा आहे. काय बोलले ते लिहिलंय. 'कोणाला उद्देशून' याच्यापुढे काय लिहावं, ते ठरत नाही.

मी नगरला स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं आम्ही तोतऱ्या मुलांना बोलायला शिकवतो. माझं निम्मं काम मात्र लकव्यानंतर वाचा गेलेल्या म्हाताऱ्या माणसांचं, आणि तेही बहुतेक त्यांच्या घरी जाऊन. (सरांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

सर निवृत्त शिक्षक, चर्चच्या कारभारी मंडळातले. आमच्यात अशांना 'वडील' म्हणतात. सर उपासनेत प्रार्थनेला उभे राहिले की पोरं घड्याळाकडे बघायची, अशी त्यांची ख्याती. मी स्वतः पाळकाची मुलगी. असल्या प्रार्थनांत एक डोळा उघडा ठेवून बसायची कला मलाही येते.

मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. ब्रोका अफेझिया. समोरच्याचं बहुतेक सगळं कळतं, पण शब्द ओठांशी येऊन अडतो. आलाच तर प्रत्यय-क्रियापदं गाळून: "काल… मुलगा… गाडी." पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरनं 1861 मध्ये ज्या रुग्णावरून मेंदूतली ही जागा दाखवली, तो जवळजवळ 'तान' एवढंच म्हणू शकायचा. त्या मानानं सर बरेच वर होते.

पहिल्याच दिवशी त्यांच्या पत्नी दारातच म्हणाल्या, "मॅडम, वाचा आली! काल अख्खी प्रार्थना म्हटली." त्याही शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणतात. सरांनी खरंच म्हणून दाखवली. "हे आमच्या स्वर्गातील पित्या"पासून आमेनपर्यंत, कुठे अडखळणं नाही. मंडळीतल्या एका उत्साही तरुणानं त्याचा व्हिडिओ काढून 'चमत्कार' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला होता. मग भेटायला येणारा प्रत्येक जण फर्माईश करायचा, "सर, तेविसावं स्तोत्र होऊन जाऊ दे." सर म्हणायचे. कपाळावर घाम दिसायचा, तो कोणी बघत नव्हतं.

चमत्कार नव्हता तो. एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार, पाढे, शिव्या, प्रार्थना हे आयुष्यभर घोटलेलं बोलणं वेगळ्या वाटेनं येतं, आणि भाषा गेली तरी पुष्कळदा शाबूत राहतं. एक टोक ओढलं की सगळी माळ बाहेर येते. मध्ये तुटली तर पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात. मी मुद्दाम "तुझे राज्य येवो"पाशी सरांना थांबवलं. पुढचा शब्द सापडेना. बाई रागावल्या, "प्रार्थनेत अडवता होय?"

दुपारी त्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी होती. मी बोट दाखवून विचारलं, "सर, हे काय?" ओठ जुळले, सुटले. "भ… पे… पेन… छे!" त्यांनी डाव्या हातानं ताट ढकललं. हाच माणूस दिवसातून दहा वेळा देवाकडे रोजची भाकर मागत होता.

मग तीच माळ मी कामाला लावली. याचा मला अजूनही अभिमान आहे. ताट पुढे ठेवायचं आणि म्हणायचं, "आमची रोजची…" सर पटकन, "भाकर." आठवडाभर तेवढंच. नंतर नुसतं "आमची…" नंतर आवाज न काढता फक्त ओठ मिटून 'भ'ची तयारी दाखवायची. बाराव्या भेटीत मी गप्प होते. ताटाकडे बघून ते आपणहून "भाकर" म्हणाले आणि स्वतःच दचकले. पाळकाच्या घरी वाढल्याचा धंद्यात झालेला हा पहिला फायदा.

घरच्यांना दोन नियम घातले. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे ते विचारायचं नाही, म्हणजे फर्माईश बंद. आणि काहीही विचारलं की तोंड मिटून मनात दहा मोजायचे. दुसरा नियम बाईंना फार जड गेला. चाळीस वर्षं त्या सरांची वाक्यं पुरी करत आल्यात. पहिला मंडळीला झेपला नाही. एकानं तोंडावर विचारलं, "प्रभूचं नाव घ्यायला तुम्ही बंदी घालता का?"

त्या शुक्रवारी बाई महिला संघाच्या सभेला गेल्या होत्या. बाहेर पाऊस. चित्रांची कार्डं पिशवीत भरून मी निघाले होते. सरांचे डोळे अर्धवट मिटलेले, तोंड पाहुण्यांच्या वेताच्या खुर्चीकडे. "हे आमच्या स्वर्गातील…" आणि थांबले. कोणी अडवलं नव्हतं, स्वतःच थांबले. माळ हातात आलेला रुग्ण ती अशी सोडत नाही. मी दहा मोजले, वीस मोजले.

"देवा."

खूप वेळ गेला.

"भीती." आणि मग, "तू… बस."

खांद्यावर पिशवी तशीच राहिली. मला म्हणाले का? उभी तर मीच होते, आणि त्यांच्या लेकीच्या वयाची, म्हणजे 'तू'च. पण मला बसवायचं असलं की ते डाव्या हातानं खूण करतात, तो हात मांडीवरून हललाही नव्हता. की 'तू आहेस तेवढं पुरे'? की 'आता पुरे कर'? मराठीत 'बस' हे तिन्हींना चालतं. मी पलंगाच्या कडेला टेकले, खुर्ची मोकळीच ठेवून. पुढच्या पेशंटकडे चाळीस मिनिटं उशिरा पोचले.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. "मी म्हणायचे, आल्यागेल्याला आपण बस म्हणतो, देवाशी मात्र कायम उभ्यानं काय बोलता? आणि हे रविवारच्या शाळेत बायबलातला योहानाचा पंधरावा अध्याय घ्यायचे. येशू शिष्यांना म्हणतो ना, मी तुम्हांला दास म्हणत नाही, मित्र म्हटलंय, ते. पोरांकडून पाठ करून घ्यायचे. चुकलं की छडी!"

आता सर पाहुण्यांसमोर काही म्हणत नाहीत. मी प्रगती लिहिते: स्वयंस्फूर्त उद्गार, दोन शब्दांची जोडणी. मंडळीत मात्र 'सरांची प्रार्थना गेली' अशी हळहळ चाललीय. ते दोन शब्द कोणी मागितले नाहीत, मीही सांगितले नाहीत. बाई म्हणतात, रात्री तीनला जाग येते तेव्हा ते अजून सगळी प्रार्थना पुटपुटतात, पहिल्यापासून आमेनपर्यंत, ऐकायला कोणी नसताना. ती माळ, ते बोलणं नव्हे, असं मीच या घरात ठासून सांगितलं होतं. त्या वेळी मला अगदी खात्री होती.

परवा गेले तर वेताच्या खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. सरांनी वाकून, डाव्या हातानं, एकेक कपडा ओढून खाली टाकला. खुर्ची रिकामी झाली. मी कुठं बसावं ते मला कळेना.