‘वाटत नाही हो तुम्ही’

सोमवार, रात्रीचे अकरा

शेजारच्या काउंटरवरच्या मॅडम आज डबा उघडता उघडता जे बोलल्या, ते घरी पोहोचेपर्यंत त्या विसरूनही गेल्या असतील. मी मात्र भांडी आवरून, उद्याची भाजी निवडून, दिवा मालवून पुन्हा उठून बसले आहे आणि तेच वाक्य उलटसुलट करून पाहते आहे. पुढच्या महिन्याचे दानाचे पाकीट काल उपासनेनंतर मिळाले होते, ते पर्समध्येच राहिले होते. चष्म्याची डबी काढताना ते खाली पडले. मॅडमनी उचलून दिले आणि देता देता त्यावरचे आमच्या चर्चच्या मंडळीचे नाव वाचले.

"अय्या, तुम्ही ख्रिश्चन? अकरा वर्षं शेजारी बसतोय आपण, पण वाटत नाही हो तुम्ही!"

त्यात खोच नव्हती. आपलेपणा होता, आणि म्हटले तर थोडी शाबासकीही होती. मी हसून "हो ना" म्हणाले. ते "हो ना" मी नेमके कशाला म्हणाले, ख्रिस्ती असण्याला की न वाटण्याला, हे अजून मला ठरवता आलेले नाही.

संध्याकाळचा पहिला तास मी स्वतःची कीव करण्यात घालवला, हे येथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. वाटायचे म्हणजे तरी कसे? सिनेमातल्या बाईसारखा झगा घालून आणि मोडकीतोडकी हिंदी बोलत बँकेत यायचे होते काय? आमचे आडनाव मराठी आहे, घरातली भाषा मराठी आहे, गोदावरीला इतर नाशिककरांप्रमाणे मीही गंगाच म्हणते, आणि रविवारी उपासना सुटली की आमचीही निम्मी मंडळी मिसळीच्या रांगेत उभी असते. मंगळसूत्रात क्रूस आहे, पण तो पदराआड असतो. कपाळाला टिकली नाही, पण ती हल्ली कोणाच्याच कपाळाला नसते. नाताळाच्या आठ दिवस आधीपासून आमच्याकडे करंज्या, चकल्या आणि अनारसे सुरू होतात. इतके सगळे असूनही कोणीतरी विचारतेच, की तुम्ही मूळचे गोव्याचे का आणि घरी इंग्रजी बोलता का. मॅडमचे पुढचे दोन प्रश्न हेच होते. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रश्न विचारलाच नाही, थेट सांगून टाकले, "या नाताळला केक हं!" मी केकलाही "हो" म्हणाले.

मग मला चेव आला. ज्या शरणपूर रोडने त्या रोज स्कूटीवरून ये-जा करतात, त्या रस्त्याच्या नावातले शरणपूर म्हणजे काय, हे मी त्यांना सांगायला घेतले. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात तेव्हाच्या नाशिक गावाबाहेर वसवलेली ख्रिस्ती वसाहत, शरण आलेल्यांचे गाव. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले पुढे या गावात आणली गेली, येथे अक्षरे शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश मिशनरी-प्रवाशाच्या अखेरच्या सफरीत सामील झाला आणि १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा त्याचे हृदय तेथे पुरताना दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. "आमच्या नाशिकला शिकलेल्या मुलानं वाचली," असे मी दोनदा म्हणाले. मॅडम "काय सांगता!" म्हणत होत्या, माझी पोळी गार होत होती आणि मला फार बरे वाटत होते. ‘वाटत नाही’ला दीडशे वर्षांहून जुना पुरावा दाखवून उत्तर दिले होते.

घरी येईपर्यंत ते बरे वाटणे ओसरले. पुरावा सगळा शरणपूरचा होता. त्यात माझा एकही कागद नव्हता.

ह्यांना सांगितले, तर हे म्हणाले, "त्यात काय एवढं? चांगलंच म्हणाल्या की." ह्यांचे एक बरे असते. धाकट्याला फोनवर सांगितले नाही. तो नुसता "बघ आई" म्हणाला असता आणि मग बोलणे नेहमीच्या जागी जाऊन अडकले असते. तो विषय आज नको.

अकरा वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे. या अकरा वर्षांत मॅडमना माझ्या सासूबाईंचे दुखणे ठाऊक झाले, माझी साखर ठाऊक झाली, कोणत्या दुकानातले पीठ मला चालत नाही तेही ठाऊक झाले, आणि हे एक तेवढे राहिले. मी टेबलावर वचनांचे कॅलेंडर ठेवावे किंवा येणाऱ्याजाणाऱ्याला "जय ख्रिस्त" म्हणावे, असे मला कधी वाटले नाही आणि आजही वाटत नाही. बाबाही बाहेर कधी बोलले नाहीत. पण ते कामाला होते त्या प्रेसमधल्या लोकांनी त्यांना ओळखले होते. कशावरून ओळखले, ते दफनाच्या दिवशी नाशिक रोडहून जी माणसे आली आणि फाटकापाशी उभी राहून जे बोलली, त्यावरून आम्हाला कळले. त्याबद्दल आज लिहवत नाही.

काल शुभवर्तमानाचे वाचन माझ्याकडे होते. मत्तय, २५ वा अध्याय, ३१ ते ४६. न्यायाच्या दिवशी प्रभू म्हणतो, गरजवंतासाठी जे केले ते माझ्यासाठीच केले; ज्यांनी केले ती मेंढरे उजवीकडे आणि ज्यांनी केले नाही ती शेरडे डावीकडे. शनिवारी रात्री मी ते दोनदा मोठ्याने वाचून पाहिले होते, कोठे थांबायचे ते पेन्सिलीने खूण करून ठेवले होते. उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर दोघातिघांनी थांबवून सांगितले, "तुमचं वाचन फार स्पष्ट असतं. शेवटच्या बाकापर्यंत शब्दन्‌शब्द पोहोचतो." खरे सांगायचे तर पाळकसाहेबांच्या उपदेशातले मला आता फारसे आठवत नाही, पण ही दाद शब्दशः आठवते. मिसळ खातानाही ती माझ्याबरोबर होती.

मघापासून मी एका माणसाला बाहेर उभे करून ठेवले आहे. त्याला आता आत घ्यायला हवे.

नोव्हेंबर असल्यामुळे पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांची रांग दारापर्यंत असते. पावणेदोनच्या सुमारास पेठ तालुक्याकडचे एक आजोबा काउंटरवर आले. यंत्रावर त्यांचा अंगठा लागेना. मी त्यांचा हात धरून अंगठा चार वेळा दाबला, मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. जन्मभर मातीत काम केलेल्या त्या बोटांवर यंत्राला वाचता येईल अशी रेषच उरलेली नव्हती. मी म्हणाले, "बाबा, बोट लागत नाहीये. आधार केंद्रात जाऊन बोटं अपडेट करून घ्या, मग या." ते म्हणाले, "मागल्या साली बी लागलं नव्हतं ताई. तवा त्या सायबांनी कागदावर लिहून घेतलं होतं."

तो कागद माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. माणूस समोर हजर असला की अर्ज भरून घ्यायचा, त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, पासबुक पडताळायचे आणि खाली मी सही करायची. पाच मिनिटांचे काम. त्यांच्या बाबतीत दहा मिनिटे गेली असती, कारण अर्ज मलाच भरावा लागला असता. मागे वीसबावीस माणसे होती, माझी जेवणाची वेळ टळत चालली होती आणि हात किंचित कापू लागले होते. मी म्हणाले, "ते साहेब आता इथे नाहीत."

हे वाक्य खरे आहे. ते साहेब जूनमध्येच बदलून गेले. इतके खरे वाक्य इतक्या खोटेपणाने मी यापूर्वी कधी बोलले असेन, असे आठवत नाही.

आजोबांनी पासबुक आणि आधार कार्ड साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातले, पिशवीची दोनदा घडी केली, "बरं ताई" म्हणाले आणि गेले. मी काउंटरवर पाटी लावली, डबा घेतला, आणि दहा मिनिटांनी ते पाकीट पडले.

मॅडम शेजारीच बसतात. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, तेव्हा शेजारच्या काउंटरपर्यंत तो न पोहोचण्याचे काही कारण नाही. त्यांनी ती दोन वाक्ये एकत्र जोडली नाहीत, याची मला खात्री आहे. नोव्हेंबरात आम्ही सगळ्याच अशा बोलतो. जोडते आहे ती मी.

मत्तयाच्या त्या उताऱ्यात दोन्ही बाजूंची माणसे एकच प्रश्न विचारतात, की प्रभू, आम्ही तुला कधी पाहिले? काल ‘कधी’च्या आधी मी छान थांबले होते, पेन्सिलीची खूण तेथेच होती. उजवीकडच्यांनाही आपण काय केले याचा पत्ता नाही. मग कोणाला आपण काय वाटतो, हा प्रश्न त्या न्यायाच्या दिवशी कोणी विचारतच नाही, आणि मॅडमचे वाक्य घेऊन मी चुकीच्या काउंटरपुढे उभी आहे, असे मला क्षणभर वाटले. फार हलके वाटले. लगेच लक्षात आले की डावीकडचेही तेच विचारतात, तितक्याच निरागसपणे. त्यांना निदान म्हणता येते की आम्हाला कोणी दिसलेच नाही. मी तर त्याचा हात हातात धरला होता.

"मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले." शरणपूर हे गाव याच एका वचनावर वसले असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे, आणि त्याच गावाची बढाई मी मारत होते, तेव्हा आजोबा बहुधा स्टँडवर पेठच्या गाडीची वाट पाहत बसले असतील. जेकबची गोष्टही मी मॅडमना अर्धवटच सांगितली. त्याच्या वाचनापाशी थांबले, कारण मला वाचनाचे कौतुक. पुढचा भाग असा आहे, की प्रार्थना वाचून झाल्यावर तो आणि त्याचे सोबती लिव्हिंग्स्टनचे शव घेऊन चालू लागले आणि महिनोन्‌महिने चालून समुद्रकिनाऱ्याला पोहोचले. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीसोबत मानाने चालणाऱ्यांत जेकब होता. वाचन झाल्यावर तो पायऱ्यांवर दाद घेत उभा राहिला नाही, आणि मिसळीच्या रांगेत तर नाहीच नाही.

येथे मला एकटीलाच हसू आले. ह्यांनी कूस बदलली.

दर रविवारी आम्ही सगळे मिळून पापांची कबुली देतो. जे करायचे ते केले नाही, जे करू नये ते केले. इतक्या वर्षांच्या सवयीने ते असे एका लयीत निघते, की ‘केले नाही’ म्हणजे काय, हे विचारायला मध्ये सवडच सापडत नाही. आज त्या ‘केले नाही’ला जागा मिळाली, ती म्हणजे डावीकडचा खालचा ड्रॉवर, पिवळी फाईल. सोमवारची दुपार उपासनेला घेऊन जाता आली असती तर कबुली पुष्कळ लांबली असती. एकूण जे आहे ते बरे आहे म्हणायचे.

आजोबांचा खातेक्रमांक यंत्रात ‘जुळले नाही’च्या यादीत असणारच. उद्या आल्याबरोबर काढेन. पेठकडच्या खात्यांवर बहुतेक वेळा नातवाचा किंवा शेजाऱ्याचा मोबाईल नंबर असतो. कोणी उचलला तर काय सांगायचे, ते मघापासून मनात जुळवते आहे. "मी बँकेतली ताई बोलतेय" म्हटले, तर त्यांच्या डोळ्यांपुढे कोण उभी राहील, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या गावाकडे बँकमित्र, म्हणजे गावात जाऊन बँकेची कामे करणारा माणूस, जातो का, तेही विचारायला हवे, नाहीतर माझ्या पाच मिनिटांपायी त्यांना पुन्हा गाडीभाडे पडेल. मुदत ३० तारखेपर्यंत आहे. त्यानंतर पेन्शन थांबते आणि मग खरोखरच साहेब लागतात. हे सगळे मी आजोबांसाठी करणार आहे, की पुढच्या अकरा वर्षांत मॅडमना कधीतरी ‘वाटावे’ म्हणून, हे आता सांगता येणार नाही. ड्रॉवर मात्र दोन्ही कारणांनी उघडतो.

केक विकतच आणावा लागेल, कारण आमच्या घरात तो कोणालाच येत नाही, अगदी मामीलाही नाही. सोबत करंज्याही नेईन. "या तर दिवाळीच्या!" असे मॅडम म्हणतील.