उपाशी नाही, कारवान आहे

मे महिन्यातल्या भर दुपारी दवाखान्यात एकदम पाच-सहा जण शिरले. पुढे एक मुलगी आणि दोन तरुण, मागे धोतर-टोपीतले आजोबा, मधे दोरीला बांधलेला उंच, फिकट तांबूस कुत्रा. "सर, हे याला उपाशी ठेवतात. सर्टिफिकेट द्या, पोलिसांत जायचंय," मुलीने आल्या आल्या सांगितलं. प्राण्याला पुरेसं खायला न देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता कायद्यानुसार गुन्हाच आहे, त्यामुळे तिची घाई मला गैर वाटली नाही.

आजोबा काटोलकडचे, संत्र्याची बाग असलेले. लेकीकडे नागपुरात मानेवाड्याला आले होते, सोबत कुत्रा. त्यांचा आवाज कापत होता. "पोटच्या पोरावानी पोसतो जी याले. दोन टाइम भाकर, दूध, कधी अंडं. आंगालेच लागत नाही त्याच्या, तर मी काय करू?"

बरगड्या दिसत होत्या, कमरेची हाडं वर आलेली, पोट पाठीला टेकलेलं. पाहणाऱ्याला राग यावा असंच ते होतं. पण कुत्रा टेबलाशी ताठ उभा होता, केस चकचकीत. लांब निमुळतं डोकं, कपाळ आणि नाकाच्या मधे खाच जवळजवळ नाहीच. बदामी डोळे, गालाला चिकटून लोंबणारे पातळ कान, कोपरापर्यंत उतरलेली खोल छाती. खांद्याशी टेप लावला, २७ इंच. ग्रेहाउंड म्हणावा तर त्याचे कान मागे दुमडलेले असतात आणि मांड्या याच्यापेक्षा कितीतरी भरदार.

"कुठून आणला?"

"साडूनं देल्ला, सांगोल्याहून."

म्हणजे कारवान, देशी शिकारी कुत्र्याची जात. सोलापूर-सांगलीकडच्या माळरानांवर धनगरांच्या कळपांबरोबर दिसतो तो. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर पश्चिम आशियातून याचे पूर्वज दख्खनेत आले असं मानतात. तिकडच्या सलुकी या शिकारी कुत्र्याशी नातं तर नजरेलाच कळतं. कानांवर, शेपटीवर लांब केसांची झालर असली की त्याला पश्मी म्हणतात. कर्नाटकात कारवानलाच मुधोळ म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्याने काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांवरही तो आहे. अर्थात रक्त किती शुद्ध आहे हे नुसतं पाहून ठरत नाही आणि मी तसं कधी लिहूनही देत नाही. पण हाडापेराची ठेवण नजरेने धावत्या शिकारीचा माग काढणाऱ्या कुत्र्याची होती, याबद्दल शंका नव्हती.

हे त्या मुलीला नुसतं सांगून पटलं नसतं. तिचा हात घेऊन मी कुत्र्याच्या मांडीवर ठेवला. मांस घट्ट, टणक. मग पाठीवर. उपासमारीत कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस झडतं आणि मणके बोटांना टोचतात. इथे कणा पन्हाळीत बसावा तसा दोन स्नायूंच्या मधे होता. शेवटी कानशिलं दाखवली. खरोखर उपाशी राहिलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांमागे खड्डे पडतात. याची कानशिलं भरलेली. ती कितीतरी वेळ तिथेच बोटं फिरवत राहिली. बरगड्या सगळ्यांना दिसतात. पण अशा कुत्र्याची तब्येत बरगड्यांवरून ठरवायची नसते, स्नायूंवरून ठरवायची.

गोचिडतापाची शंका नको म्हणून रक्त तपासलं. प्लेटलेट्स ठीक. तांबड्या पेशींचं प्रमाण ५६ टक्के आलं, मशीनने त्यापुढे 'जास्त' अशी खूण टाकली. "म्हणजे रक्त कमी नाहीच?" एका तरुणाने विचारलं. सलुकी, ग्रेहाउंड अशा कुत्र्यांत ते जास्तच असतं, इतर कुत्र्यांच्या मापाने ते मोजता येत नाही. पाणी कमी पडून वाढलं असेल म्हणून हिरड्या आणि कातडीही पाहिली होती, ओलावा चांगला होता.

ज्या लेटरहेडवर तक्रारीसाठी सर्टिफिकेट हवं होतं, त्यावरच लिहून दिलं: प्रकृती उत्तम, देहयष्टी जातीला साजेशी. मुलीने काढलेला व्हिडिओ तिथेच डिलीट केला आणि आजोबांची माफी मागितली. आजोबा काही बोलले नाहीत, तिच्या डोक्यावर हात ठेवला फक्त.

कोपरांवर मात्र घट्टे पडले होते. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, म्हणून फरशीवर पोतं अंथरायला सांगितलं. रेबीजची लस राहिली होती, ती दिली. आणि कार्डावर ठळक अक्षरांत लिहिलं, की ऑपरेशनची वेळ आलीच तर भूल देण्याआधी डॉक्टरला हे कार्ड दाखवा. थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधातून असे कुत्रे फार उशिरा शुद्धीवर येतात.

"त्याची पाळीच नाही येऊ देत जी," आजोबा म्हणाले, आणि दोरी त्या मुलीच्या हातात देऊन कार्ड खिशात घालू लागले.