नोकरी गेली, व्हिसा टिकवला : यूकेतला माझा अनुभव

यूकेत स्किल्ड वर्कर व्हिसावर असताना नोकरी गेली की व्हिसा त्याच दिवशी संपला, असं आमच्या गोव्यात, डिचोलीत तरी सगळ्यांना वाटतं, आणि इथले काही लोक दुसऱ्या टोकाचे, "अगं साठ दिवस मिळतात, आरामात शोध" म्हणून मोकळे होतात. दोन्ही अर्धवट. साठ दिवस मिळतात हे खरं, पण ते मोजायचे कुठल्या तारखेपासून हे कोणी धड सांगत नाही आणि सगळा खेळ तिथेच आहे, म्हणून २०२५ च्या उन्हाळ्यात मी यातून कशी निभावले ते लिहून ठेवतेय. मी वकील नाही, आणि नियम इथे इतके बदलतात की तुमची वेळ येईल तेव्हा आकडे सरकारी साइटवर बघूनच घ्या.

मे महिन्यात कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली. एचआरने दोन पर्याय ठेवले, नोटीस पिरियडचे पैसे एकरकमी घेऊन लगेच बाहेर पडा, नाहीतर गार्डन लीव्ह घ्या, म्हणजे कामावर यायचं नाही पण नोटीस संपेपर्यंत पगार चालू आणि तुम्ही कंपनीच्या पटावर. टीममधल्या इथल्या मुलांनी पटापट पैसे घेतले, त्यांचं बरोबरच होतं, त्यांना व्हिसाचं काय. मी गार्डन लीव्ह घेतली. कारण साधं, पटावर आहे तोवर कंपनी माझी स्पॉन्सर, म्हणजे जिच्या नोकरीवर व्हिसा उभा आहे ती, आहे आणि व्हिसाला हात लागत नाही. हातात पैसे तेवढेच पडतात, फक्त शेवटची तारीख पुढे जाते, आणि आपल्यासाठी ती तारीख म्हणजे सोनं. कोणाला अशी निवड मिळाली तर सही करण्याआधी एक रात्र विचार करा एवढंच सांगेन. रिडंडन्सीचे, म्हणजे नोकरकपातीच्या भरपाईचे, वेगळे पैसे कायद्याने दोन वर्षं भरलेली असतील तरच मिळतात, माझी नुकतीच भरली होती, त्यामुळे थोडा आधार झाला.

शेवटच्या दिवसानंतर कंपनीला दहा वर्किंग डेजच्या आत होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, कळवावं लागतं की आता हिला आम्ही स्पॉन्सर करत नाही. मग होम ऑफिस तुम्हाला पत्र पाठवतं, हल्ली ईमेलनेच, आणि त्यात तुमची राहण्याची परवानगी कधी संपणार ती नवी तारीख असते. साठ दिवस मोजतात ते या पत्रापासून, नोकरी सुटल्याच्या दिवसापासून नव्हे. पण मूळ व्हिसाचेच साठपेक्षा कमी दिवस उरले असतील तर तेवढेच मिळतात. आणि पत्र कधी येणार याचा काही नेम नाही, कोणाला लगेच येतं, कोणाला महिने लागतात. मला काही आठवडे लागले. तोपर्यंत ईव्हिसा, म्हणजे व्हिसाची ऑनलाइन नोंद, आधीचीच तारीख दाखवत होता, मी रोज सकाळी चहा ठेवायचा आणि लॉगिन करून तारीख बघायची असा क्रम लावून घेतला होता. या मधल्या काळात राहायला हरकत नाही पण दुसरं काम करता येत नाही हे पक्कं लक्षात ठेवा. आठवड्याला वीस तास जादा कामाची सवलत असते ती मूळची स्पॉन्सरवाली नोकरी चालू असेल तरच. एका ओळखीच्याने डिलिव्हरीसाठी त्याचं खातं वापर म्हणून सुचवलं, मी हात जोडले. सापडलात तर चार पाउंडांसाठी पुढचे सगळे अर्ज नासतात.

आमचं घर चाललं ते नवऱ्याच्या पगारावर. तो डिपेंडंट व्हिसावर आहे आणि डिपेंडंटला इथे जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते, तो एका वेअरहाउसमध्ये शिफ्ट मॅनेजर आहे. गंमत बघा, त्याची नोकरी ठणठणीत पण व्हिसा माझ्या व्हिसाला बांधलेला, त्यामुळे माझी तारीख कापली की त्याचीही कापली जाणार. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त टेन्शन होतं, बोलायचा नाही एवढंच.

घरी कळल्यावर गोव्यातून सल्ले सुरू झाले. सासूबाईंचं म्हणणं, "सुट्टीच मिळालीय तर येऊन जा गो चवथीला, मग परत जाऊन बघा काय ते." चवथ म्हणजे आमची गणेश चतुर्थी. ऐकायला इतकं सोपं वाटतं की माझंही मन दोन दिवस हललं, मागच्या वर्षीची चवथ चुकली होती. पण पत्र यायच्या वेळी तुम्ही देशाबाहेर असाल तर साठ दिवसांचा प्रश्नच येत नाही, परवानगी तिथल्या तिथे रद्द होऊ शकते. शिवाय परत येताना विमानतळावरचा ऑफिसर विचारणार, नोकरी कुठे आहे. आणि बाहेरून नव्याने अर्ज करायचा म्हणजे कंपनीला वेगळ्या प्रकारचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (सीओएस), म्हणजे कंपनी तुम्हाला स्पॉन्सर करते याची नोंद, होम ऑफिसकडून आधी मंजूर करून घ्यावं लागतं, आत असलेल्या माणसासाठी ते कंपनी आपल्या कोट्यातून देऊ शकते. हे सगळं फोनवर सासूबाईंना समजावताना माझी वाट लागली. शेवटी नवऱ्याने सांगितलं, "आई, आता उंबरा ओलांडला तर परत आत घेणार नाहीत", ते त्यांना एका वाक्यात पटलं.

काकांचा सल्ला निराळा, पोर्तुगीज पासपोर्ट कर. आमचे आजोबा १९६१ च्या आधीचे, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतले, जन्माची नोंद आहे, कागद जुळवले तर होईलही कदाचित, इथल्या स्विंडन शहरात अर्धं गोवा तसंच आलं असं ते म्हणतात. आलं खरं, पण ते ब्रेक्झिटच्या आधी. युरोपियन लोकांसाठी इथे स्थायिक होण्याची जी योजना होती तिची मुदत ३० जून २०२१ ला संपली, आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लिस्बनला राहता येईल, लंडनला नोकरी करता येणार नाही. वर भारतीय नागरिकत्व जातं ते वेगळंच. काकांना अजून पटलेलं नाही.

नोकरी शोधताना मी एकच शिस्त पाळली, अर्ज करायच्या आधी कंपनीचं नाव लायसन्स असलेल्या स्पॉन्सरच्या सरकारी यादीत बघायचं. ही यादी कोणालाही डाउनलोड करता येते आणि कामाच्या दिवसात अपडेट होत असते. यादीत नाव आहे म्हणजे ते तुम्हाला स्पॉन्सर करतीलच असं नाही, पण नाव नसेल तर त्यांना लायसन्स काढण्यापासून सुरुवात करावी लागणार आणि तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगून टाकायचे की स्पॉन्सरशिप लागेल, बरेच जण तिथेच फोन ठेवतात, ठेवू देत, आपलाच वेळ वाचतो.

त्यात २२ जुलै २०२५ ला पगाराची किमान मर्यादा ३८,७०० वरून ४१,७०० पाउंड झाली. एका ठिकाणी सगळे राउंड झाल्यावर एचआर म्हणते आमचा पगाराचा बँड या आकड्याला बसत नाही, सॉरी. पण ज्यांचं आधीचं सर्टिफिकेट ४ एप्रिल २०२४ च्या आधीचं आहे आणि तेव्हापासून जे सलग याच रूटवर आहेत त्यांना कमी मर्यादा लागू आहे, माझा व्हिसा २०२३ चा. मी नियमाचं पान काढून तिला मेल केलं, ती वकिलाला विचारते म्हणाली आणि मग गप्पच झाली. पुढच्या कंपनीत मी हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं आणि तिथेच ऑफर आली. त्यामुळे तुमचा पहिला सीओएस कधीचा आहे ती तारीख पाठ असू द्या, समोरच्याला माहीत असेलच असं धरून चालू नका.

मधल्या काळात एक एजंटही भेटला, सीओएस मिळवून देतो म्हणून लाखांत आकडा सांगणारा. सीओएसची फी, तेव्हा ५२५ पाउंड होती, ती कंपनीनेच भरायची असते आणि ती तुमच्याकडून वसूल करायला बंदी आहे. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी माणूस घेताना कंपनीला भरावा लागणारा आकार, त्याचंही तेच. सीओएस विकणारा भेटला की समजा नोकरी कागदावरच आहे, आणि उद्या त्या कंपनीचं लायसन्स गेलं की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

आपल्या खिशातून जातं ते वेगळं. २०२५ मध्ये देशातल्या देशात तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाला माणशी ८८५ पाउंड होते आणि हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार, माणशी वर्षाला १,०३५. दोघांचे तीन वर्षांचे धरले तर जवळजवळ आठ हजार पाउंड, आपले नऊ लाखांच्या वर. नव्या कंपनीने माझे भरले, नवऱ्याचे आम्ही. रिडंडन्सीचे पैसे इथेच गेले. आणि हो, जुना व्हिसा अजून आहे म्हणून नव्या कंपनीत लगेच रुजू होता येत नाही, नवा अर्ज मंजूर व्हावाच लागतो.

सीओएस म्हणजे कागद नाही, नुसता एक नंबर. त्यातला नोकरीचा कोड, पगार, आठवड्याचे तास, सुरू व्हायची तारीख, सगळं स्वतः वाचून घ्या. माझ्यात कोड २१३४ बरोबर होता, प्रोग्रामरवाला, पण तास ऑफर लेटरशी जुळत नव्हते, ते दुरुस्त करून मगच अर्ज टाकला. ओळखीची तपासणी फोनच्या ॲपने झाली, कुठे जावं लागलं नाही. पत्रातली तारीख उलटायच्या आत अर्ज गेला की निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर राहता येतं, ती भीती तिथे संपते. निर्णयाला साधारण आठ आठवडे सांगतात, तेव्हा ५०० पाउंड जादा भरले तर पाच वर्किंग डेज, पण आम्ही ते भरले नाहीत. फक्त निर्णयाआधी यूके आणि आयर्लंडच्या बाहेर पाऊल टाकलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात, म्हणजे चवथ गेलीच.

२७ ऑगस्टला पहाटे उठून व्हिडिओ कॉल लावला. बाबा स्टुलावर उभे राहून माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीची, एक दोरी पुन्हा आवळत होते, आंबाडे आणि कांगलां एका बाजूला जास्त झाल्याने चौकट कलली होती, आणि खालून आई ओरडत होती की तवशी (काकडी) आधी काढ ती डोक्यात पडेल. माझ्या व्हिसाचं कोणी विचारलंसुद्धा नाही, मला बरं वाटलं.

सप्टेंबरात माझी मंजुरी आली, नवऱ्याची नंतर. मधल्या दिवसांत त्याच्या वेअरहाउसने शेअर कोड, म्हणजे कामाची परवानगी ऑनलाइन दाखवायचा कोड, मागितला आणि त्यात जुनी तारीख उलटून गेलेली दिसत होती, त्यांनी त्याला शिफ्ट देणं थांबवायचं ठरवलं. अशा वेळी मालकाने होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसवरून तपासायचं असतं, अर्ज चालू असल्याची खात्री झाली की त्यांना दंडापासून सहा महिन्यांचं संरक्षण मिळतं. त्याने ते पान छापून सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी तपासलं आणि त्या शनिवारपासून त्याच्या शिफ्ट पुन्हा लागल्या. डिपेंडंट नोकरी करत असेल तर हे त्याच्या ऑफिसला अर्ज टाकल्या दिवशीच सांगून ठेवा.