पंख्याचं बटण

कणकुंबी जवळ आली तसं धुकं दाट झालं म्हणून हेडलाइटचं बटण दाबलं, तर बोट सरळ डॅशबोर्डात शिरलं. बटण आतल्या आत कुठंतरी पडल्याचा टक् असा आवाज आला. श्रावणातली संध्याकाळ, चोर्ल्याचा रस्ता, आणि मी दुसऱ्या पेरापर्यंत बोट भोकात घालून बिनदिव्याचा बसलेला. इथंच मलप्रभा उगम पावते. एरवी पाहुण्यांना मी हे कौतुकानं सांगतो. त्या दिवशी नदी उगम पावली काय आणि न पावली काय.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं. सॅन स्टॉर्म. दोन सीटची, कापडी टपाची, फायबरच्या बॉडीची, आणि बनलेली घाटाखाली गोव्यातच. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं. म्हणजे पोटातून साधी शहरी मोटारच, फक्त जमिनीला टेकून बसलेली. शेजारून उसाचा ट्रॅक्टर गेला की त्याच्या चाकाचे नट मोजता येतात. आमच्या बेळगावच्या शहापुरात तिला नावानं कुणी ओळखत नाही. 'ती बसकी' म्हणतात. माझ्याआधी तिला तीन मालक झाले आणि तिघांनीही तिच्यावर आपापली हौस भागवून घेतली. हेडलाइटचं ते बटणसुद्धा त्यांच्यातल्याच कुणाचं तरी कर्तृत्व. त्यामुळं बोल लावायचा तर कुणाला, हाही प्रश्नच होता.

गोव्यात भाजी उतरवून रिकामा परतणारा एक टेम्पोवाला मागून येऊन थांबला. त्यानं आधी गाडी बघितली, मग मला बघितलं, आणि खाली वाकून डॅशबोर्डाखालून दोन वायरी ओढून काढल्या. दातानं सोलल्या. एकमेकींना पीळ दिला. समोरच्या धुक्यात दोन पांढरे खांब उभे राहिले.

"लाईट तर लागला की वो," तो म्हणाला, "आता विझवायचा कसा ते घरात जाऊन बघा."

पैसे घेतले नाहीत. जांबोटीपर्यंत माझ्या पुढं राहून वाट दाखवत गेला. घरी पोचल्यावर दिवे विझेनात तेव्हा मी मुकाट्यानं फ्यूज उपटला. आप्पा दारात उभे होते. "ह्याच गावात किर्लोस्करांनी सायकली विकता विकता लोखंडी नांगर केला, आणि तुला एक बटण करता येईना?" एवढं बोलून ते जेवायला गेले. किर्लोस्करांच्या सायकलीच्या दुकानाची गोष्ट १८८८ सालची. पण आमच्या घरात काहीही मोडलं की ती ताजी होते.

दुसऱ्या दिवशी आतलं बटण चिमट्यानं बाहेर काढलं आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून उघडलं. आयुष्यभर हजारदा दाबलेली वस्तू आतून कशी असते ते मी पहिल्यांदाच बघत होतो. वरची टोपी ब्लेडनं उचकटली तशी आतली स्प्रिंग उडाली ती कॉटखाली. ती शोधण्यात अर्धा तास गेला, पण तेवढ्यानं गोम कळली. टोपीच्या पोटाला एक बारकी दांडी असते, तिच्यात ती स्प्रिंग. दांडीखाली पितळी पट्टी, मधोमध टेकलेली, बागेतल्या सी-सॉसारखी. आपण टोपी दाबली की दांडी पट्टीवरून घसरत जाते, मध्य ओलांडते, आणि त्या क्षणी पट्टी दुसऱ्या बाजूला आपटते. आपल्याला ऐकू येतं ते 'खट्' म्हणजे हे आपटणं. हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तोच, कारण मधल्या बिंदूपुढचं काम आपलं नसतंच. स्प्रिंगचं असतं.

पट्टीच्या टोकाचा टिकलीएवढा ठिपका मात्र काळाठिक्कर पडला होता, आणि त्याच्या भोवतीचं प्लॅस्टिक करपलेल्या पोळीसारखं तपकिरी. बटण डॅशबोर्डात धरून ठेवणारे दोन्ही कान वितळून गेलेले. बटण आत पडलं ते त्यामुळं. ५५ वॅटचे दोन दिवे, म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टला भागले की ९ अँपिअरच्या वर जातात. ज्यानं बटण बसवलं त्यानं रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर चालून मोठा करंट स्वतः वाहणारा स्विच, टाकलाच नव्हता. इतकी वर्षं दिव्यांचा सगळा करंट ह्या टिकलीतून चालला होता. खरं म्हणजे पडलं ते उशिराच.

नवं बटण आणायला जुन्या पी. बी. रोडला गेलो. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांतून कास्टिंगं जातात, क्रँकशाफ्ट जातात, आणि अशा ह्या गावात चार दुकानांत मला एक बटण मिळेना. प्रत्येक ठिकाणी चूक माझीच होत होती. मी आधी गाडीचं नाव सांगायचो. नाव ऐकलं की दुकानदार मान हलवायचा. पाचव्या दुकानातल्या अण्णांनी नाव पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"गाडी राहू दे. भोक केवढं सांगा."

मी मोडकं बटण पुढं केलं. त्यांनी ते अंगठ्यानं चाचपलं, माळ्यावरून एक पुठ्ठ्याचा खोका उतरवला आणि त्यात हात घालून नुसत्या स्पर्शानं शोधू लागले, गूळ कालवल्यासारखे. निघालं ते एका जुन्या बसचं बटण. टोपीवर पंख्याचं चित्र. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पंख्यासाठीचं.

"हे बसंल?"

"स्वल्प फाइल मारा. बसतंय."

ह्या 'स्वल्प'वर माझा फार जीव आहे. मराठीत हा शब्द आता जवळपास विरामचिन्हापुरता उरला. शाळा सुटली की स्वल्पविरामही सुटतो. कन्नडात तो रोज चहात साखर घालतो, बसमध्ये सरकून बसायला सांगतो. आणि आमच्या मराठीत तो तिकडून पुन्हा आत आलाय. अण्णांचा 'स्वल्प' कन्नड आणि 'बसतंय' मराठी. दोन्हींच्या मध्ये जोड कुठं आहे ते बोट फिरवूनही लागत नाही.

बसचं बटण स्पोर्ट्स कारला, म्हणून मला जरा कमीपणा वाटला होता, नाही असं नाही. पण थोड्या गाड्या बनवणाऱ्यांना बारीकसारीक वस्तूंचे साचे परवडत नाहीत, हे जगभरचं आहे. लोटस एस्प्री ह्या स्पोर्ट्स कारच्या दाराच्या मुठी मॉरिस मरीना ह्या अगदी मध्यमवर्गीय गाडीच्या. मॅकलारेन एफ१ ह्या महागड्या गाड्या सगळ्या मिळून १०६ बनल्या, आणि त्यांचे मागचे दिवे एका डच बसचे! हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तीच घ्यायची होतीस."

अण्णांनी ह्या वेळी रिले बरोबर दिला, न मागता. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरी, ८७ ला दिवे, आणि ८५-८६ मध्ये तारेचं वेटोळं. आता बटणानं फक्त त्या वेटोळ्याला जागं करायचं, भार रिले वाहणार. मला कन्नड वाचायला अडखळायला होतं, अण्णांना मराठी वाचता येत नाही, त्यामुळं वायरिंगचं चित्र त्यांनी बिलाच्या पाठीमागं नुसत्या आकड्यांत काढून दिलं. ते मी जपून ठेवलंय.

फाइल मारायला मात्र दुपार गेली. भोकाची वरची कड एका धाग्यानं कमी होती. दोनदा घासायचं, एकदा लावून बघायचं, भुसा फुंकायचा. जास्त घासलं तर बटण खुळखुळणार, म्हणून शेवटी शेवटी मी नखं घासायच्या फाइलवर आलो. संध्याकाळी बटण दाबलं. आधी टोपीचा खट्, मग बॉनेटखालून रिलेचा बारका टिक्, आणि मग दिवे. बटणाच्या आतला इवला बल्ब बसच्या २४ व्होल्टचा, माझ्या १२ वर तो जेमतेम पेटतो, उदबत्तीच्या टोकाएवढा.

पंख्याचं चित्र खरवडून काढायचं राहूनच गेलं. परवा आप्पांना डॉक्टरांकडं न्यायचं होतं. टप लावलेलं, ऊन मी म्हणत होतं. मी कुलूप लावून येईपर्यंत ते आत बसून, इग्निशनची किल्ली फिरवून तयार होते. समोर पाटलांच्या भिंतीवर भर दुपारी दोन्ही दिवे पडलेले.

"पंखा लावलाय," आप्पा म्हणाले, "वारं येईना बघ."