गादीचं कापड आणि माठातला स्पीकर

गावात आवाजाचा नाद कोणाला लागलाय हे ओळखायला फार वेळ लागत नाही. लग्नाच्या पंगती बसलेल्या असतात, भोंग्यावर गाणं सुरू असतं, सगळ्यांचं लक्ष वांग्याच्या भाजीकडे असतं आणि हा एकटा मान वाकडी करून भोंग्याकडे बघत असतो. "आवाज फाटून राह्यला," असं पुटपुटतो. शेजारच्याला कुठंच काही फाटलेलं दिसत नाही. तो म्हणतो, "वाढप्याले हाक मार आधी, वरण कुठं अडलं त पाय."

शहरातल्या या माणसाला ऑडिओफाइल म्हणतात आणि त्याच्याकडे आपल्या बैलजोडीच्या किमतीची केबल असते. आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या खेड्यांत त्याच्याकडे टेस्टर, एक चपटं प्लायर आणि घरच्यांचा रोष एवढंच भांडवल. पण दोघांचा रोग एकच. गाणं लागलं की दुनिया गाणं ऐकते आणि हे लोक पेटी ऐकतात. मला या जमातीबद्दल कायम कुतूहल वाटत आलंय, त्यातही सुरुवातीचं. चांगला कापूस वेचणारा, डवरे हाकणारा माणूस एके दिवशी घरातला चालता रेडिओ उघडून का बसतो?

माझं मत असं की हा नाद चांगल्या आवाजानं लागत नाही, अर्धवट आवाजानं लागतो. आमच्याकडे आवाज नेहमी अर्धवटच आला. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, ते त्यातल्या त्यात नीट लागायचं. पण रात्री रेडिओ सिलोन शॉर्टवेव्हवर धरायचं म्हणजे कसरत. १९५२ पासून बिनाका गीतमाला, म्हणजे गाण्यांना पायऱ्या लावणारा कार्यक्रम, तिथून लागायचा आणि नेमकं वरच्या पायदानाचं गाणं आलं की आवाज दूर कुठं तरी निघून जायचा. मग घराच्या माळवदावर दोन बांबू, त्यांच्यामध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी, तिची वायर खिडकीतून आत. दुसरी वायर जमिनीत, अर्थिंगची. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की त्या जागी तांब्याभर पाणी ओतायचं काम पोरांकडे असे. पाणी मुरलं की खरखर खरंच कमी व्हायची. ज्या पोरानं हे एकदा आपल्या हातानं करून पाहिलं, त्याला कळलं की आवाज ही नुसती येणारी गोष्ट नाही, ती सुधारता येते. एवढं कळलं की पोरगं हातचं गेलं म्हणून समजा.

कॅसेट आली आणि हा धंदा घरोघरी पोचला. माझी आत्या चौथी शिकलेली. तिनं आयुष्यात स्क्रू-ड्रायव्हर हातात धरला नाही, पण तिच्या कानाला मी आजही मानतो. टेप सुरू झाला की पहिल्या ओळीतच ती निकाल द्यायची, "बाई आज नाकातून गाऊन राह्यली." मग चुलतभाऊ टेपचं झाकण उघडायचा. टेपची पट्टी ज्यावरून घासत जाते ते हेड, त्याच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, स्प्रिंगवाला. तो पाव वळसा इकडे-तिकडे केला की हेड टेपच्या पट्टीला काटकोनात येतं आणि दबलेला वरचा आवाज एकदम मोकळा होतो. झांज वेगळी, स्वर वेगळा ऐकू येतो. भाऊ डोळे मिटून स्क्रू फिरवायचा आणि आत्या चुलीपाशी भाकरी थापता थापता सांगायची, "अजून थोडं... हां, आता गेली पुढं, मांगं घे." या दोघांत ऑडिओफाइल नक्की कोण? मला विचाराल तर आत्या. पण आपल्याकडे ज्याच्या हातात पाना, त्याचंच नाव होतं. पुढे भावाला स्टँडवरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं आणि आत्याला भाकरीच थापाव्या लागल्या.

त्या दुकानातच मी पहिल्यांदा माठातला स्पीकर पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाण्याचा जुना माठ घ्यायचा, झिरपून झिरपून निकामी झालेला चालतो. त्याच्या तोंडावर सहा किंवा आठ इंची स्पीकर, तोंड वर करून. कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे फट राहत नाही. वायर बाहेर काढायला बुडाशी बारीक भोक, तेही हलक्या हातानं, नाहीतर माठच फुटतो. आणि आत कापूस. लाकडी खोक्याला पैसे पडतात, माठ फुकट आणि कापसाचं तर आमच्याकडे विचारूच नका.

लोक याला गावठी जुगाड म्हणून हसतात. पण त्यात अक्कल आहे. आरसीए कंपनीतले हॅरी ओल्सन यांनी १९५१ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या तपासून दाखवलं की बाहेरून गोल असलेल्या पेटीतून आवाज सगळ्यात सपाट, बिनखळग्यांचा निघतो, कारण आवाजाला अडायला कोपरेच नसतात. माठाची माती जड, ती सहसा थरथरत नाही. आतल्या पोकळीची मात्र स्वतःची एक घुमण्याची खोड असते, ती कापूस बराच मारतो. तरी खरं ते सांगतो, पुरुषाचा आवाज माठातून विहिरीत उतरून बोलल्यासारखाच येतो. दुकानदार हे कबूल करायचा नाही.

आता अमेरिकेत बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावात एडगर व्हिलचर नावाचे गृहस्थ होते. त्या काळी खालचा जाड आवाज हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. यांचं म्हणणं, पेटी लहान करा, घट्ट बंद करा आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम करू द्या. त्यासाठी स्पीकरच्या कागदी कोनाची कड फार सैल, मऊ हवी होती. तशी बाजारात मिळेना. पत्नी रोझमेरी यांनी युद्धकाळात ड्राफ्ट्समनचं काम केलेलं, त्यांनी कडेचा नमुना काढला आणि पहिला स्पीकर बनला तो जुन्या गादीच्या कापडाची कड लावून. १९५४ मध्ये त्यांनी शिष्य हेन्री क्लॉस यांना सोबत घेऊन कंपनी काढली आणि कपाटाएवढ्या पेट्यांचे दिवस भरत आले. आत काचेच्या लोकरीचं भरण होतं, आपल्याकडे कापूस, एवढाच काय तो फरक. आणि व्हिलचरांचं नाव राहिलं, रोझमेरीबाईंचं मुद्दाम शोधावं लागतं. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती "बरं" एवढंच म्हणाली.

बाकीच्यांच्याही कथा अशाच. इंग्लंडात गिल्बर्ट ब्रिग्ज हे कापड धंद्यातले. त्यांनी १९३२ मध्ये इल्कली गावातल्या आपल्या घराच्या तळघरात पहिला स्पीकर केला, त्यातून व्हार्फडेल ही स्पीकरची कंपनी उभी राहिली. पॉल क्लिप्श यांनी आर्कान्सासमधल्या होप नावाच्या छोट्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. त्यांच्या पेटीत भोंगा दुमडून बसवलेला असतो आणि खोलीचा कोपराच त्या भोंग्याचं शेवटचं तोंड होतो. आमच्या साउंड सर्व्हिसवाल्याला हे पटवायला काही कष्ट पडले नाहीत. थोड्या वॅटमध्ये अख्खं गाव उठवायचं तर भोंग्याशिवाय गत्यंतर नाही, हे तो ऐन लग्नसराईत रोज सिद्ध करतो. अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. महायुद्धात वडिलांचा आयातीचा धंदा बसला आणि शाळकरी अमर घरोघरचे रेडिओ दुरुस्त करू लागला. पुढे १९५६ मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तंत्रसंस्थेत शिकताना हौसेनं महागडा स्टिरिओ घेतला, तर तो मनासारखा वाजेना. त्यांची बोस ही स्पीकरची कंपनी १९६४ मध्ये निघाली, पण ती खरी निघाली त्या हिरमोडातून. एकही जण असा सापडत नाही, ज्याला पहिल्याच दिवशी झकास आवाज मिळाला आणि मग नाद लागला.

प्रत्येक शौकिनाची परीक्षेची एक चीज असते. शहरातले लोक जाझ लावतात, पियानो लावतात. आमच्याकडे खंजिरी. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, पण खंजिरी भजन अजून गावोगाव आहे आणि महाराजांच्या आश्रमाच्या गावी, मोझरीला, पुण्यतिथीला गेलेल्या माणसाच्या कानात तो आवाज कायमचा बसलेला असतो. खंजिरी हे फार लबाड वाद्य आहे. चामड्यावर थाप पडते तो धप्प खालचा, त्याच क्षणी कडेच्या चकत्या वाजतात तो छन्न अगदी वरचा आणि मध्ये भजन म्हणणाऱ्याचा खडा आवाज. साध्या स्पीकरात चकत्यांची नुसती चिरचिर होते आणि धप्पचा ठप्प होतो. तिन्ही वेगवेगळे ऐकू आले तर पेटी पास. मला ही कसोटी पियानोपेक्षा सरस वाटते, कारण आमच्यातल्या बहुतेकांनी खरी खंजिरी दोन हातांवरून ऐकलेली असते. पियानो कोणी ऐकलाय?

विजेचं तर काय सांगावं. ओलिताच्या दिवसांत सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसतं आणि ॲम्प्लिफायर कण्हायला लागतो. शिवाय वायरीतून येणारी ५० हर्ट्झची घुमघुम आहेच. आमच्या मित्रानं यावर उपाय काढला, ट्रॅक्टरची बॅटरी. ४४४० नंबरची ती प्रसिद्ध आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, जिच्यावर खेड्यातले निम्मे ॲम्प्लिफायर चालायचे, ती मुळात गाडीतल्या टेपसाठीच बनलेली. तेव्हा १२ व्होल्टची बॅटरी तिला मानवणारच. बॅटरीवर घुमघुम शून्य. परदेशातले धनवंत शौकीनही याच कारणासाठी बॅटऱ्या लावतात. रात्री शेतात गव्हाला पाणी सोडून हा धुऱ्यावर ऐकत बसायचा. आजूबाजूला दोन कोस गाडीघोडं नाही. अशी शांत खोली करायला मुंबईत भिंतींना लाखोंचा फोम लावतात. सकाळी मात्र ट्रॅक्टर सुरू व्हायचा नाही आणि त्याचा बाप जे बोलायचा ते इथे छापता येणार नाही.

हल्ली पोट्टे मोबाइलवरून दोनशे-तीनशेचं बोर्ड मागवतात, बोटाएवढं, त्यातून जुन्या ४४४० पेक्षा जास्त वॅट निघतात. डीजेच्या भिंती आल्या, छातीत बुक्का बसतो, खिडकीच्या काचा वाजतात. जुने लोक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही, कारण परवाच एक बारकं पोरगं त्या भिंतीपुढे मान वाकडी करून उभं दिसलं. सगळे नाचत होते आणि हे ऑपरेटरला विचारत होतं, "भाऊ, डावीकडचा वरचा बंद हाय का?" ऑपरेटरनं हाकललं. पोरगं मागच्या बाजूनं गेलं आणि पिन दाबून आलं. डावीकडचा वरचा सुरू झाला. ऑपरेटरच्या लक्षातही आलं नाही.