पाणी न पिणारी घोडी

दिवाळीची सुट्टी म्हणजे माथेरानच्या घोडेवाल्यांची सुगी. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठ, तिथून पॉइंट, दिवसभर लाल मातीत नुसती ये-जा. अशाच एका दुपारी एका मामांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, घोडी सकाळपासून पाण्याला तोंड लावत नाही. पाणीच खराब असेल."

पाण्यात काही खोट नव्हती, बाकीचे घोडे तेच पीत होते. घोडीच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर सुरकुती जागेवर बसायला वेळ घेत होती. हिरड्या चिकट, अंगावर वाळलेल्या घामाचे पांढरे पट्टे. आणि बाई खोगिराखालचं ओलं फडकं मन लावून चाटत होत्या! निम्मं निदान तिनेच करून दिलं.

"चंदीत मीठ घालता का, मामा?"

"हरभरा आणि कोंडा असतो. मीठ कशाला? उगाच पाणी ढोसतात, मग चढावर पोट जड."

आपला घाम रक्तापेक्षा अळणी, त्यामुळे घाम गेला की रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याच्या घामातून मात्र पाण्याबरोबर मीठही भरपूर जातं. रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही, म्हणून अंग कोरडं पडलं तरी मेंदूला पत्ता नसतो. समोर भरलेली बादली असून घोडा ढिम्म.

पोटाला स्टेथोस्कोप लावला. आतडी मंद, पण चालू होती. नाकातून नळी घालून लिटरला 9 ग्रॅम मीठ घातलेलं कोमट पाणी सोडलं आणि समोर दोन बादल्या ठेवल्या, एक तशीच खारट, एक साधी. बऱ्याच वेळाने तिने खारट पाणी हुंगलं, दोन घोट घेतले, मग साध्या बादलीत नाकपुड्यांपर्यंत तोंड खुपसलं. मामा बघतच राहिले.

तीनशे किलोच्या घोड्याला बसून असतानाही रोज 15 ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, घाम गाळणाऱ्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट. ते तोबऱ्यात मिसळून द्यायचं, पाणी कायम समोर हवं. मामांनी लगेच गोठ्यातली चाटणवीट, म्हणजे गाई चाटतात ती मीठ-क्षारांची वीट, आणू का विचारलं. मी नको म्हटलं. गाईंच्या काही खाद्यांत आणि चाटणविटांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला चालतं, घोड्याचं हृदय मात्र निकामी करतं.

कोंड्याचंही बोललो. त्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम कमी. वर्षानुवर्षं तोच दिला तर हाडं पोखरतात. कॅल्शियमसाठी लसूणघास चांगला. "आणि तो नेरळहून वर आणायचं भाडं?" मामांनी विचारलं. मग खोगिरावर बसून आम्ही तोच हिशेब मांडला.