नऊ मिलिमीटर

नव्या स्लीपरवर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या लाकडी ओंडक्यांवर, रूळ बसवले, दोन रुळांमधलं अंतर (गेज) मोजायची गेजपट्टी लावली, तर ती मध्ये सैल खेळू लागली. अंतर भरलं 900 मिलिमीटर. आमचा मार्ग 891चा.

स्वीडनमधल्या उप्सालाहून फारिंगेला जाणाऱ्या या मार्गावर 1974पासून वारसा म्हणून जुन्या गाड्या चालवतात. रूळ राखायला आम्ही स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी जमतो. लोक इंजिनाचे फोटो काढतात, देणग्याही इंजिनालाच मिळतात. स्लीपर वरून धडधाकट दिसतो, पण रुळाखाली पाणी मुरून तिथेच सडतो. हातोडी मारली की कळतं. चांगलं लाकूड टणटणीत वाजतं, सडलेलं नुसतं ढप्प करतं.

891 म्हणजे तीन स्वीडिश फूट. (आमच्या वऱ्हाडातली शकुंतला रेल्वे अडीच इंग्लिश फुटांची होती, 762.) 1876मध्ये उप्साला–लेन्ना मार्ग सुरू झाला, तेव्हा सरकार 1435च्या गेजवर मुख्य मार्ग बांधत होतं आणि आडबाजूची गावं खासगी कंपन्यांवर सोडली होती. त्यांच्याकडे भांडवल बेताचं. अरुंद गेजवर तीव्र वळण चालतं, म्हणून टेकडी फोडण्याऐवजी वळसा घ्यायचा. भराव, पूल, रूळ सगळंच हलकं. अनेक कंपन्यांनी हेच गेज घेतल्यामुळे पुढे त्यांचे मार्ग एकमेकांना जोडता आले. 1939मध्ये संसदेने खासगी रेल्वे सरकारी करायचं ठरवलं, आणि नंतरच्या दशकांत बहुतेक अरुंद मार्ग बंद झाले. उरलेल्या थोड्यांपैकी हा एक.

स्लीपर भोकं पाडूनच येतात, आणि आमच्या ऑर्डरमध्ये 891 स्पष्ट लिहिलं होतं. पुरवठादाराचा माणूस फोनवर म्हणाला, "900 युरोपात चालतं, नऊ मिलिमीटर कुणाला कळणार?" चाकाला कळतं! सरळ रुळावर एवढी मोकळीक मिळाली की डबा डावी-उजवीकडे आपटत चालतो, आणि झिजलेल्या चाकांचे जुने डबे तर जास्तच.

नवं भोक नऊ मिलिमीटर आत पाडलं तर ते जुन्या भोकातच अर्धं जातं आणि खिळा धरत नाही. भोकं आरपार नव्हती, म्हणून आम्ही स्लीपर उलटे केले, दुसऱ्या बाजूला नव्याने भोकं पाडली आणि जुन्यांत लाकडी खुंट्या ठोकल्या. दिवसभराचं काम दुप्पट झालं.

गँगमधल्या एका ज्येष्ठाने मात्र वेगळंच सुचवलं: वळणावर गेज तसंही थोडं वाढवतात, हे स्लीपर तिकडे वापरू. मी नको म्हणालो. वळणावरची वाढ त्रिज्येवर ठरते, आतला रूळ हळूहळू सरकवत ती आणायची असते, सगळीकडे सरसकट नऊ नाही. ते रागावले नाहीत, पण पटलंही नाही त्यांना. त्यांनी माझ्या कितीतरी आधीपासून हा मार्ग सांभाळलाय. वळणाच्या मधल्या काही स्लीपरांपुरतं त्यांचं म्हणणं बरोबर होतं का, हे मी अजून कागदावर मांडून बघतोय.